पहिल्यांदाच परदेशी सेवेला निघताय?

आमच्या म्हापशाच्या ख्रिस्ती मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, दोन मुली येत्या जुलैत दोन आठवडे केनियातल्या मंडळीत सेवा करायला निघाल्यात. पहिलीच खेप. रविवारी उपासना सुटल्यावर दोघी माझ्याजवळ आल्या नि विचारलं, "काकी, बॅगेत काय काय भरू?" म्हटलं, बॅग शेवटी. त्याआधी बरंच आहे. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते.

तुम्हाला बोलावलंय कोणी, आणि कशासाठी? आधी हे विचारून घ्या. केनियात १०० पैकी ८० हून जास्त माणसं ख्रिस्तीच आहेत. प्रभूचं नाव तिथे आपण नेऊन पोचवायचं नाही, ते आधीच पोचलंय. त्यामुळे तिथल्या पाळकांना पत्र लिहा आणि सरळ विचारा: आमचा तुम्हाला उपयोग कुठे होईल? उत्तर आल्याशिवाय काही ठरवू नका. मी पहिल्या वेळी विचारलं नाही. जुन्या कपड्यांच्या दोन बॅगा बांधून नेल्या. तिथल्या पाळकीणबाईंनी त्या आदराने ठेवून घेतल्या, पण नंतर कळलं, त्यांना हवं होतं ते संडे स्कूलच्या शिक्षिकांना शिकवणारं कोणीतरी. मी २२ वर्षं शाळेत शिकवलं होतं. कपड्यांऐवजी तेवढं नेलं असतं तरी पुरलं असतं.

मी मूळची अहिल्यानगरची, तेव्हाच्या अहमदनगरची. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ साली आले, नगरात १८३१ साली. आमच्या घरात फरारबाईंचं नाव फार आदराने घेत. सिंथिया फरार १८२७ साली आल्या, मुलींना शिकवलं आणि १८६२ साली नगरातच वारल्या. आधी मराठी शिकल्या, मग शिकवायला बसल्या. दोन आठवड्यांत आपल्याला भाषा कुठली यायला? पण दहा-बारा शब्द नक्की येतात. केनियातल्या किसुमू शहराकडे लुओ भाषा बोलतात, तिथे 'एरोकामानो' म्हणजे आभारी आहे. स्वाहिलीत 'असान्ते'. रोज दोन शब्द, सकाळच्या प्रार्थनेआधी, मोठ्याने म्हणा.

आता साक्ष, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीसमोर सांगणं. ती लिहून काढा, आणि ३ मिनिटांवर जाऊ देऊ नका, कारण दुभाष्यामुळे तिची ६ मिनिटं होतात. वाक्यं आखूड ठेवा. एका वाक्यात एकच गोष्ट. मी लिहिलं होतं, "प्रभूने माझ्या पदरात खूप काही घातलं." दुभाषा 'पदर' शब्दावर अडला, माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मी साडीचा पदर पसरून दाखवला. बायकांना एकदम कळलं, पण माझी पुढची दोन वाक्यं विसरून गेली. म्हणून घरीच सराव करा. मी सुनेला समोर बसवते, मी मराठीत बोलते, ती कोकणीत सांगते. ती जिथे अडखळते ते वाक्य मी बदलते.

कागदपत्रं. पासपोर्टची मुदत निदान ६ महिने शिल्लक हवी. केनियाला जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवानगी काढावी लागते, ती वेळेत काढा. मंडळीत शिकवणार किंवा दवाखान्यात हात लावणार असाल, तर साध्या प्रवाशाच्या परवानगीवर ते चालतं का, हे बोलावणाऱ्यांना आधी विचारा. प्रभूचं काम आहे म्हणून कायद्यातून सूट नाही.

पिवळ्या तापाची लस अजिबात विसरू नका. ती निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. गोव्यात त्यासाठी वास्कोला, मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात जायचं. लसीची कुपी उघडली की काही तासांतच संपवावी लागते, म्हणून बरेच ठिकाणी ठरलेल्या वारीच देतात. आधी फोन करून वार विचारा. पिवळं कार्ड मिळतं ते पासपोर्टमध्येच ठेवा. कार्ड नसेल तर परत येताना भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तुमचं वय ६० च्या वर असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर लस घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराकाठी आहे, तिथे डास भरपूर. काही गोळ्या निघायच्या आधी सुरू होतात नि परतल्यावर ४ आठवडे चालू ठेवाव्या लागतात.

बॅग हलकी ठेवा. जुलैत नैरोबीला थंडी असते, कारण ते शहर समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरहून जास्त उंचावर आहे. म्हापशाच्या माणसाला एक चांगला स्वेटर लागतोच. तीन चौकोनी पिनांचा ॲडॅप्टर घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्या काढून टाका, २०१७ पासून तिथे त्यांवर बंदी आहे. कपडे कापडी पिशव्यांत बांधा. भेट म्हणून आम्ही आमच्या संडे स्कूलच्या मुलांची हाताने लिहिलेली पत्रं नेतो. त्यांची उत्तरंही येतात. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, लहान मुलांचे तर नाहीच.

जेवायला बसवतील तेव्हा घरची मुलगी तांब्या नि घंगाळ घेऊन येईल. एकेकाच्या हातावर कोमट पाणी घालेल. पहिल्या वेळी मी उठून तिच्या हातातला तांब्या घ्यायला गेले. सासरी तशीच सवय लागलेली. तिने मान हलवून मला बसवलं. पाणी कोमट होतं, आणि ते माझ्यासाठी चुलीवर तापवलं होतं. तुम्ही बसून राहा, हात पुढे करा. ताटात उगाली येईल, मक्याच्या पिठाची, घट्ट शिजवलेली. उजव्या हाताने गोळा करायचा, मधे खळगा पाडायचा आणि भाजीत बुडवायचा. आपल्या भाकरीची सवय इथे उपयोगी पडते.

घरी आल्यावर वर्षभर अंगात जरा जरी कणकण आली तर थांबू नका, मलेरिया उशिरानेही डोकं वर काढतो. गोळ्या संपवा, आणि दवाखान्यात गेलात की डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा, की मी आफ्रिकेहून आलेय. डोकं दुखतंय, अंग दुखतंय, हे त्यानंतर.