जुन्या जिप्सीला दोन इंच उचलून मोठे टायर कसे बसवावेत

मारुती जिप्सीची सर्वसामान्यांसाठीची विक्री 2019 मध्ये थांबली, तरी लष्कराच्या लिलावातून आलेल्या आणि हौशी मालकांनी जपलेल्या जिप्स्या आजही कच्च्या वाटांवर भरपूर दिसतात. मोठे टायर घालायची इच्छा त्यांच्या बहुतेक मालकांना होतेच. पण पाटे (चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) बदलून वर जाते ती चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि बॉडी. दगडाला आधी लागणारं डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांमधल्या दांड्यावरचा गिअरचा फुगीर डबा, होतं तिथेच राहतं. ते वर येतं फक्त मोठ्या टायरमुळे, तेही व्यास जितका वाढला त्याच्या निम्म्यानेच. लिफ्टचं, म्हणजे गाडी उचलण्याचं, काम फक्त त्या टायरला जागा करून देणं.

मूळ 205/70 R15 टायरचा व्यास साधारण 668 मिमी, 215/75 R15 चा 704 आणि 235/75 R15 चा 734. म्हणजे 215 ने डिफरन्शियल 18 मिमी उचललं जातं, 235 ने 33. 215 बहुतेक जिप्स्यांना काहीही न उचलता बसतो. तेवढ्यावर भागत असेल तर पाट्यांना हातच लावू नका, माझं स्पष्ट मत आहे. 235 हवाच असेल तर दोन इंच लिफ्ट आणि निदान सहा इंच रुंदीची रिम लागेल.

खर्च करण्याआधी कायद्याचं पाहून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं आहे. गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल तर आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीलाही लेखी कळवा.

जिप्सीला चारही चाकांना पाटेच आहेत आणि अ‍ॅक्सल पाट्यांच्या वर बसतो. त्यामुळे पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये ठोकळा घातला तर गाडी उलट खाली बसते. लांब शॅकल (पाट्याचं एक टोक चॅसीला हलतं जोडणाऱ्या कड्या) स्वस्तात मिळतात, पण त्यांनी पुढचा अ‍ॅक्सल किंचित फिरतो, कास्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कल) कमी होतो आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. पाटे अ‍ॅक्सलच्या वर नेले तर गाडी एकदम पाचेक इंच उचलते आणि मग स्टीअरिंगची जोडणी, प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा फिरता दांडा), ब्रेक होज (ब्रेकच्या रबरी नळ्या) सगळंच नव्याने करावं लागतं. म्हणून जास्त कमान असलेला पाट्यांचा नवा संच घ्या. सोबत लांब शॉकअब्सॉर्बर, पाट्यांच्या टोकांतले नवे रबरी बुश, शॅकलचे बोल्ट आणि पाटा आवळून धरणारे नवे यू-बोल्ट. जुने यू-बोल्ट ताणले गेलेले असतात, ते पुन्हा लावू नका.

सुरुवात मोजमापाने. सपाट जागेवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून ठेवा. मग टॉर्च घेऊन खाली शिरा. शॅकल जिथे चॅसीला धरतात तिथे गंजाने पत्रा खाल्ला असेल तर काम तिथेच थांबवा, आधी चॅसी दुरुस्त करा. शॅकलच्या बोल्टना आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारा.

मागून सुरू करा आणि एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे अ‍ॅक्सल जागचा हलत नाही. पुढच्या चाकांना ओंडके लावा, मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. चॅसीखाली दोन्ही बाजूंना घोड्या लावा आणि अ‍ॅक्सलला वेगळा जॅक द्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जाऊ नका. शॉकअब्सॉर्बर काढा, यू-बोल्ट सोडा, मग दोन्ही टोकांचे बोल्ट काढून पाटा खाली घ्या. हे करताना ब्रेक होजवर अ‍ॅक्सलचा भार येत नाही ना, हे पाहत राहा.

नवा पाटा लावताना आधी पक्क्या टोकाचा बोल्ट, मग शॅकल. दोन्ही फक्त हाताने आवळलेले. अ‍ॅक्सल हळूहळू खाली घेत सेंटर बोल्टचं डोकं त्याच्या भोकात नेमकं बसवा. ते एका बाजूला राहिलं तर अ‍ॅक्सल तिरका बसतो आणि गाडी तिरकी धावते. यू-बोल्टचे चारही नट आळीपाळीने, थोडे थोडे, मॅन्युअलमधल्या टॉर्कपर्यंत आवळा.

पाट्यांचे आणि शॅकलचे बोल्ट पक्के करायचे ते गाडी चाकांवर उतरल्यावर, दोन-चार वेळा दाबून हलवल्यावरच. हवेत आवळले तर बुशचं रबर त्याच अवस्थेत पकडलं जातं, गाडी खाली बसली की पिळवटतं आणि काही महिन्यांत फाटतं. उचललेल्या जिप्स्यांमधल्या करकर आवाजाचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

पुढची बाजूही याच पद्धतीने करा. नंतर अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळू देऊन ब्रेक होज ताणले जातात का, प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस (सांधे) मोकळे फिरतात का, हे तपासा. टायर बसवून एका कोपऱ्याचं चाक उंचवट्यावर चढवा आणि स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवा. मडगार्डला किंवा पाट्याला टायर घासत असेल तर इथेच कळतं. मोजमाप पुन्हा घ्या, अलाइनमेंट करा. स्टीअरिंग भरकटत असेल तर पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये पाचर घालून कास्टर परत आणता येतो. हेडलाइटचा झोतही खाली घ्या.

235 च्या टायरवर वेगाचा काटा 60 दाखवेल तेव्हा गाडी खरी 66 च्या आसपास असेल. गिअरही तितकेच लांब पडतात. चढाला पूर्वी दुसऱ्यावर निघणारी गाडी आता पहिला मागेल, थांबायला जास्त अंतर घेईल आणि वळणावर जास्त कलेल, म्हणून घाटात वेग कमीच ठेवा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा, पाचशेनंतर आणखी एकदा. नवे पाटे बसतात तसे नट हमखास सैल होतात.