खुनाची कलमं वाचताना या चुका टाळा

कुणाचा जीव गेला की ‘तीनशे दोन लागणार’ (जुन्या दंड संहितेतलं खुनाच्या शिक्षेचं कलम) हे अजूनही सगळ्यांच्या तोंडी असतं. पण १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तिच्यातलं ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं कलम आहे. खुनाची शिक्षा आता १०३(१) मध्ये, सदोष मनुष्यवधाची (जीव गेला, पण कायद्याने खून ठरत नाही असं कृत्य) १०५ मध्ये, हयगयीने घडलेल्या मृत्यूची १०६ मध्ये. गुन्हा त्या तारखेआधी घडला असेल, तर मात्र जुनी दंड संहिताच लागते, निकाल कधीही लागो. म्हणून कागद हातात आले की आधी घटनेची तारीख बघावी.

‘फर्स्ट डिग्री’ शोधत बसणं

‘फर्स्ट डिग्री’ म्हणजे आधी ठरवून केलेला खून; हे अमेरिकी मालिकांचं देणं. आपल्याकडे खुनाच्या अशा पायऱ्या नाहीत. कट रचलेला नव्हता म्हणजे खून नाही, असंही नाही. हेतू ऐन वेळी मनात आला तरी पुरतो.

जखमा मोजणं

‘एकच वार केला, मग खून कसा?’ हा युक्तिवाद दिसतो तितका भक्कम नाही. विरसा सिंग खटल्यात पोटात भाल्याचा एकच वार होता आणि १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खूनच ठरवला. बघायचं ते हे: नेमकी तीच जखम करायची होती की हात चुकून तिथे लागला? आणि तशी जखम निसर्गक्रमाने जीव जायला पुरेशी होती का? मृत्यूचा नुसता संभव असेल तर प्रकरण सहसा सदोष मनुष्यवधावर थांबतं. त्यामुळे शवविच्छेदन अहवालात मृत्यूचं कारण वाचून पान उलटू नये. जखम कुठे, किती खोल, कोणता अवयव फाटला आणि ती ‘पुरेशी’ होती का, यावर डॉक्टरांचं मत काय, हे बघावं. फाशी-जन्मठेप की त्याहून कमी, हे बऱ्याचदा इथेच ठरतं.

रागाच्या भरात केलं म्हणजे सुटका

कुणी चिथावल्याने आलेला राग, म्हणजे प्रक्षोभ, हा खुनाच्या कलमाला अपवाद आहे, पण तो गंभीर हवा, अचानक हवा आणि आरोपीने स्वतःहून ओढवून घेतलेला नको. भांडणानंतर घरी जाऊन कोयता आणला, तर हा बचाव टिकणं कठीण. अपवाद सिद्ध करायची जबाबदारीही आरोपीवरच. आणि सिद्ध झाला तरी निर्दोष सुटका नाहीच. प्रकरण १०५ मध्ये येतं. तिथे हेतू असेल तर जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षं, जीव जाऊ शकतो याची फक्त जाणीव असेल तर १० वर्षांपर्यंत, शिवाय दोन्हीकडे दंड.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षं

नाही. जन्मठेप उरलेल्या आयुष्याची. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात सरकारने माफी द्यायची म्हटली, तरी निदान १४ वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढावी लागतात. फाशी तर ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच (बचन सिंग खटला, सर्वोच्च न्यायालय, १९८०), आणि उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही.

पहिल्या दिवशीचं कलम कायमचं समजणं

जखमी जिवंत असताना १०९, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावलेला असतो. तो नंतर त्याच जखमांनी दगावला की पोलीस १०३ वाढवतात. उलट आरोप ठेवताना न्यायालय १०३ उतरवून १०५ वरही आणू शकतं.