सभेतलं आश्वासन घरी आणून कसं तपासायचं

निवडणुकीचा सीझन आला की सभेला जाताना खिशात एक छोटी वही ठेवा, बाकी काही नाही केलं तरी चालेल पण एवढं करा. मी बरीच वर्षं करतोय, घरचे हसतात, म्हणतात तेवढ्या वेळात दळण आणलं असतं तर बरं झालं असतं. पण त्याचं असंय की सभा संपून गाडीला किक मारेपर्यंत भाषण डोक्यातून गेलेलं असतं, राहतं फक्त टाळ्या पडलेलं वाक्य, आणि तेसुद्धा आपण आपल्या सोयीने दुरुस्त करून लक्षात ठेवतो.

१५ लाखांचंच बघा ना. नोव्हेंबर २०१३ मधे छत्तीसगडच्या कांकेरला मोदी जे बोलले ते "जर"चं वाक्य होतं, म्हणजे परदेशातला काळा पैसा परत आणला तर एकेका गरिबाच्या वाट्याला १५-२० लाख असेच येतील अशा अर्थाचं. लोकांनी "जर" गाळलं आणि १५ लाख लक्षात ठेवले, मग फेब्रुवारी २०१५ मधे अमित शहांनी मुलाखतीत त्याला जुमला म्हटलं तेव्हा सगळे चिडले. आता माझं मत विचाराल तर ऐकणाऱ्याने "जर" गाळावं अशाच बेताने ते वाक्य बोललेलं होतं, पण म्हणूनच तर वही. शब्द जसेच्या तसे लिहा, तारीख आणि गाव टाका, जमलं तर मोबाईलवर रेकॉर्ड करा.

घरी आलात की चहा घ्या आणि आधी क्रियापदं आणि त्यांच्या आजूबाजूचे शब्द बघा. "देणार", "देऊ", "देण्याचा प्रयत्न करू", "देण्याबाबत सकारात्मक आहोत", "अभ्यास करून निर्णय घेऊ" यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण स्पीकर फुल असला की सगळं "देणार" असंच ऐकू येतं. या बाबतीत आपल्या महाराष्ट्राने एक अजरामर वाक्य दिलंय. जून २०१७ मधे शेतकरी संपावर गेले, दूध-भाजी अडली, मग सरकारने सांगितलं की कर्जमाफी सरसकट, तत्त्वतः, निकषांसह मान्य. तीन शब्द आणि तिघे एकमेकांच्या उरावर बसलेले! सरसकट असेल तर निकष कशाला, आणि तत्त्वतः म्हणजे तर आज नाही. पुढे ३४ हजार कोटींचा आकडा आला, ऐतिहासिक हा शब्द आला, आणि मग निकष आले. दीड लाखाची मर्यादा, ऑनलाइन फॉर्म, नवरा-बायकोचं मिळून एक कुटुंब, आणि दीड लाखाच्या वर कर्ज असेल तर वरची रक्कम आधी स्वतः भरा मग दीड लाख माफ. ज्याच्याकडे वरची रक्कम भरायला पैसे असते तो थकला असता का, हा प्रश्न तेव्हा आमच्या सोसायटीच्या ओट्यावर रोज निघायचा, उत्तर कोणाकडेच नव्हतं. नोव्हेंबर २०१९ मधे सरकार बदललं, डिसेंबरात दोन लाखांपर्यंतची दुसरी कर्जमुक्ती आली, ती तुलनेने सुटसुटीत होती पण त्यातही व्याज धरून दोन लाखाच्या वर गेलेला खातेदार बाहेरच राहिला. पक्ष कुठलाही असो, भाषणात "शेतकरी" असतो आणि जीआरमधे, म्हणजे लेखी शासन निर्णयात, "पात्र शेतकरी" असतो. वहीत म्हणून एक प्रश्न कायमचा लिहून ठेवायचा: यात मी बसतो का, आणि हे ठरवणार कोण?

पात्रतेचं आणखी एक उदाहरण, हे मुंबईकरांना पाठ आहे. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत शिवसेनेने ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ म्हणून सांगितलं. लोकांनी मतं दिली आणि बिलाची वाट बघत बसले. २०१९ ला माफी आली तर त्यात फक्त सर्वसाधारण कर माफ, पाण्याचा, मलनिःसारणाचा, रस्त्याचा, शिक्षणाचा वगैरे जे बाकीचे कर बिलात असतात ते तसेच. पूर्ण माफीची घोषणा झाली १ जानेवारी २०२२ ला, म्हणजे पुढची निवडणूक तोंडावर आली असं सगळ्यांना वाटत होतं तेव्हा. तेव्हा मालमत्ता कर, वीजबिल, टोल असलं काही माफ म्हणाले की जुनं बिल काढून समोर ठेवायचं आणि कुठली ओळ माफ होणारे ते विचारायचं.

आता हिशोब. लोक इथे घाबरतात, कोटीवर किती शून्य, लाख कोटी म्हणजे काय... सोडून देतात. एक सोपी युक्ती सांगतो, माणसं कोटीत धरली आणि रुपये साधे धरले तर उत्तर थेट कोटी रुपयांत येतं, शून्य मोजायचीच नाहीत. लाडकी बहीण घ्या. २०२४ च्या निवडणुकीच्या वेळी लाभार्थी २ कोटी ४० लाखांच्या आसपास होत्या, महिना १५००. तर २.४ गुणिले १५०० गुणिले १२, झाले ४३,२०० कोटी वर्षाला. महायुती म्हणाली २१०० देऊ, म्हणजे ६०,४८० कोटी. महाविकास आघाडी म्हणाली ३००० देऊ, म्हणजे ८६,४०० कोटी. राज्याचं पुढच्या वर्षाचं अख्खं बजेट सात लाख कोटींचं, त्यात पगार, पेन्शन, व्याज हे आधीच ठरलेलं, तर त्याचा आठवा हिस्सा एका योजनेला कुठून येणार होता हे सभेत एकाही बाजूने सांगितलं नाही, आणि आपणही विचारलं नाही.

खरी गंमत पुढे आहे. मार्च २०२५ च्या बजेटात या योजनेला ३६,००० कोटी ठेवले. वर्षाला एका बहिणीचे १८,००० होतात. ३६,००० ला १८,००० ने भागा, बरोब्बर २ कोटी येतात. म्हणजे २१०० तर सोडाच, १५०० चालू ठेवायचे तरी काही लाख नावं कमी होणार हे त्या दिवशी पुस्तकातच दिसत होतं, वर्षभर त्यात भर घातली नाही तर. मग छाननी आली, कुणाकडे चारचाकी, कुठल्या घरात दोनपेक्षा जास्त लाभार्थी, सप्टेंबरपासून ई-केवायसी, अंगणवाडी सेविकांच्या मागे तगादा. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा हप्ता थांबला तेव्हा त्या बँकेत तीन फेऱ्या मारून आल्या, बँकेचा काही संबंधच नव्हता. मी त्यांना भागाकार दाखवला तर म्हणाल्या "हे मला आधी का नाही सांगितलंस रे." खरंय, आधी सांगायला हवं होतं. बजेटची पुस्तकं ऑनलाइन फुकट मिळतात, आणि वित्त विभागाची बीम्स नावाची साईट आहे तिथे तरतूद किती, वाटप किती आणि खर्च किती हे विभागवार दिसतं. दिसायला भयानक आहे, पण दोनदा बघितली की सवय होते.

यानंतर बघायचं, हे काम बोलणाऱ्याच्या हातात आहे का. २०१४ मधे बारामतीला धनगर आरक्षणाचं उपोषण चालू होतं, तिथे जाऊन फडणवीसांनी सत्ता आली की पहिल्या कॅबिनेटमधे निर्णय असं सांगितलं. कॅबिनेट झाली, एक नाही शेकडो झाल्या. पण मागणी होती अनुसूचित जमातीच्या आरक्षणाची, आणि त्या यादीत बदल करायचा तर घटनेच्या ३४२ व्या कलमाप्रमाणे संसदेचा कायदा लागतो, राज्याचं मंत्रिमंडळ फार तर शिफारस करतं. ही माहिती कुठल्याही स्पर्धा परीक्षेच्या पोराला होती, मंचावर कुणाला नव्हती असं मी तरी मानणार नाही. टोलचं तसंच. टोलमुक्त महाराष्ट्र म्हणाले, २०१५ मधे राज्याच्या ताब्यातले काही नाके बंद झाले, काहींवर कार आणि एसटीला सूट मिळाली, हे मान्य करायला पाहिजे. पण राष्ट्रीय महामार्गावरचा टोल हा केंद्राचा विषय, आणि एक्स्प्रेसवेचा तर अजून भरतोच आपण. उमेदवार आमदारकीचा असेल तर आणखी सोपं, त्याचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी असतो. तो जर म्हणाला की मी २०० कोटींचा पूल आणतो, तर "आणतो" म्हणजे मुंबईला जाऊन मागतो.

नारळ फुटला की काम झालं असं समजू नका, हे वेगळं सांगायला नको पण तरी सांगतो. घोषणा, मंत्रिमंडळाचा निर्णय, जीआर, प्रशासकीय मान्यता, बजेटात पैसे, तांत्रिक मान्यता, टेंडर, वर्क ऑर्डर, साधारण एवढ्या पायऱ्या, आणि भूमिपूजन यातल्या कुठल्याही पायरीवर करता येतं, गुरुजी मिळाले की झालं. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन पंतप्रधानांच्या हस्ते २४ डिसेंबर २०१६ ला झालं, दोन महिन्यांनी मुंबईची निवडणूक होती. स्मारकाचा अजून पत्ता नाही. त्यामुळे "मंजूर झालं" असं कोणी म्हटलं की "कुठल्या पायरीपर्यंत?" एवढंच विचारायचं. आणि "पॅकेज" शब्द आला की जास्त सावध. मराठवाड्याला ऑक्टोबर २०१६ मधे ४९ हजार कोटींचं पॅकेज, सप्टेंबर २०२३ मधे परत ४५ हजार कोटींच्या वर, दोन्ही संभाजीनगरच्या मंत्रिमंडळ बैठकीत. पॅकेजमधे आधीच चालू असलेली कामं, केंद्राच्या योजना आणि पुढच्या दहा वर्षांचे अंदाज सगळं एका पिशवीत भरता येतं. याद्या काढून दोन रंगांच्या पेनने जुनं-नवं वेगळं करा, एका रविवारचं काम आहे.

तारखा पण बघत जा. मुंबईच्या पाच नाक्यांवर कारचा टोल १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून बंद झाला आणि १५ ला आचारसंहिता लागली. टोल गेला ते चांगलंच झालं, मीही खूश, पण इतकी वर्षं "करार आहे, शक्य नाही" म्हणत होते ना. त्यामुळे तोंडावर मिळालेलं घ्यावं आणि ते किती दिवस टिकतं तेही लिहून ठेवावं. २००४ ला निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज दिली आणि पुढच्या वर्षी काढून घेतली, आमच्या वडिलांनी तेव्हाची शून्याची बिलं जपून ठेवली होती, पुढे विषय निघाला की ती दाखवायचे.

कोर्टात जाऊ म्हणत असाल तर तिथे फार काही होणार नाही. जाहीरनामा हा कायद्याने बांधील करार नाही. जुलै २०१३ मधे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जाहीरनाम्यातली वचनं ही भ्रष्ट आचरणात मोडत नाहीत, पण निवडणूक आयोगाने त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं करावीत. त्यानुसार आचारसंहितेत भर पडली की आश्वासनामागचं कारण आणि पैसा साधारण कुठून आणणार हे जाहीरनाम्यात दिसलं पाहिजे. आता हातात येईल तो जाहीरनामा उघडा आणि "पैसा कुठून" याचं पान शोधा. सापडलं तर मलाही पाठवा. आणि हो, पीडीएफ निकालाआधीच डाऊनलोड करून ठेवा, नंतर साईटवर शोधत बसायला लागतं.

सगळेच खोटं बोलतात असं धरून चालणंही आळशीपणाच आहे, म्हणजे मग काही तपासायलाच नको. सेनेने २०१९ ला १० रुपयांत जेवण म्हटलं आणि २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी खरंच सुरू झाली, आमच्या स्टँडजवळ मी स्वतः जेवलोय, वरण बरं होतं. नंतर थाळीची केंद्रं चालवणाऱ्यांची बिलं सरकारकडे थकल्याच्या बातम्या आल्या तो भाग वेगळ्या पानावर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून चालू आहे. ही नावंही वहीत असू द्या, नाहीतर आपली वही म्हणजे नुसती कुरकुर होते.

प्रचाराला दारात पोरं येतात त्यांच्यावर राग काढू नका, ती पाचशे रुपये आणि वडापाववर फिरत असतात. "दादा, मागच्या वेळचं अमुक काम सांगितलं होतं, त्याचा जीआर कधीचा?" एवढं शांतपणे विचारा. उत्तर नाही आलं तर शासन निर्णयांच्या साईटवर विभाग आणि तारीख टाकून स्वतः शोधा. तिथेही नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि १५० शब्दांच्या आत, तीस दिवसांत उत्तर द्यायला लागतं. "काम का झालं नाही" असं लिहू नका, त्याला उत्तर येत नाही. "अमुक रस्त्याच्या प्रशासकीय मान्यतेची आणि वर्क ऑर्डरची प्रत द्या" असं लिहा. मी एकदा अशा अर्जात "का" लिहिलं होतं, महिन्याने एक ओळीचं पत्र आलं की मागितलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही.

माझ्या वहीत प्रत्येक पानावर पाच रकाने आखलेत: काय बोलले, कुठे आणि कधी, कोणाच्या अधिकारात, वर्षाला किती कोटी, आणि शेवटचा जीआरच्या तारखेचा. २०२४ च्या नोव्हेंबरातल्या पानावर कर्जमाफी लिहिलीय. मार्च २०२५ मधे तेव्हाच्या अर्थमंत्र्यांनी ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरून टाका म्हणून जाहीर सांगितलं, ते मी त्याच ओळीखाली पेन्सिलने लिहिलं. ऑक्टोबरात नागपूरला आंदोलन झालं आणि ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेऊ अशी तारीख आली, तीही पेन्सिलनेच लिहिली. पेनाने फक्त शेवटचा रकाना भरतो.