लिबरल आर्ट्स कॉलेजचा अर्ज नाशिकमधून भरताय? या चुका टाळा

मी नाशिकमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात पहिल्या वर्षाला जायचं म्हणून दरवर्षी चार-दोन मुलं शिफारसपत्रासाठी माझ्याकडे येतात. त्यांचे अर्ज जवळून पाहताना एक गोष्ट पक्की कळली. मुलं रात्र-रात्र जागून निबंध घासतात आणि अर्ज अडतो भलतीकडेच: नववीच्या निकालपत्रावर, प्राचार्यांच्या ईमेलवर, वडिलांच्या द्राक्षाच्या हिशेबावर. जो भाग मुलाच्या हातात नसतो, तिथे. म्हणून इथे निबंधापेक्षा त्या भागाबद्दल जास्त लिहिते आहे.

त्याआधी घरातला एक गैरसमज. "आर्ट्सला जातेय? मार्क कमी पडले का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकीला ऐकावा लागतो. लिबरल आर्ट्स म्हणजे आपली कला शाखा नव्हे. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत ज्या सात विद्यांना हे नाव होतं, त्यांत व्याकरण, तर्क आणि वक्तृत्वाबरोबर अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोलही होते. आजही या कॉलेजांत भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र घेऊन पदवी मिळते. फरक इतकाच की मुख्य विषय बहुधा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ठरवायचा असतो आणि वर्ग लहान असतात. हे आई-बाबांना अर्ज भरण्याआधी नीट समजावून सांगा. पुढे उत्पन्नाचे कागद त्यांच्याकडूनच घ्यायचे आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत शिक्का मागायला जाणं

बहुतेक कॉलेजांचा अर्ज कॉमन ॲप या एकाच संकेतस्थळावरून जातो. नव्या वर्षाचा अर्ज १ ऑगस्टला खुला होतो. अर्ली डिसिजनची, म्हणजे निवड झाली तर तिथेच जायचं असं बांधून घेणाऱ्या आधीच्या फेरीची, मुदत साधारण १ किंवा १५ नोव्हेंबर, नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. आता आपलं कॅलेंडर शेजारी ठेवून बघा. नोव्हेंबरच्या मुदतीच्या तोंडावर दिवाळीची सुट्टी आणि कार्यालयाला कुलूप. डिसेंबरात स्नेहसंमेलन. जानेवारीत बारावीची पूर्वपरीक्षा, पाठोपाठ प्रात्यक्षिकं. ज्या दोन वेळी तुम्हाला प्राचार्य, क्लार्क आणि दोन शिक्षक हवे असतात, नेमके त्याच वेळी ते सापडत नाहीत.

एका मुलीचा २८ ऑक्टोबरला रात्री फोन आला होता, "मॅडम, उद्या शिक्का मिळेल का?" नाही मिळाला. तिने नेहमीच्या फेरीत अर्ज केला, पण आधीच्या फेरीची संधी गेली ती गेलीच. शाळेचे सगळे कागद गणपतीच्या आत हातात हवेत, असं मी आता मुलांना सांगते.

शाळेकडून नेमकं काय लागतं, हेच ठाऊक नसणं

आपण बारावीच्या मार्कांवर जगतो. तिकडे नववीपासूनची चार वर्षं बघतात. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी दुसऱ्या कॉलेजात, म्हणजे दोन ठिकाणी खेटे आले. नववीचं प्रगतिपुस्तक घरात सापडत नाही, सापडलंच तर मराठीत असतं. जुन्या शाळेत जाऊन वर्षाच्या निकालाची प्रत मागा, इंग्रजी भाषांतर करून घ्या आणि त्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्या. शाळा बंद झाली असेल किंवा रेकॉर्ड मिळत नसेल, तर तसं लेखी पत्र घ्या. रकाना कोरा ठेवण्यापेक्षा ते कधीही बरं.

कॉमन ॲपवर शाळा शोधताना आपल्या तोंडातलं नाव टाकू नका. आपण नाशिककर 'केटीएचएम' म्हणतो, कागदावर मात्र केआरटी आर्ट्स, बी. एच. कॉमर्स अँड ए. एम. सायन्स असं असतं. मार्कलिस्टवर छापलेलं नावच शोधा. तरीही सापडलं नाही, तर घाबरून दुसरीच जवळची शाळा निवडू नका. शाळा यादीत नसल्याचा पर्याय तिथेच असतो, तो घेऊन माहिती हाताने भरता येते.

मग येतो 'काउन्सेलर'चा रकाना. आपल्याकडे असं पदच नसतं, म्हणून मुलं तिथे अडून बसतात, काही जण तर खासगी क्लासच्या सरांचं नाव घालतात. तसं करू नका. प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक हे काम करू शकतात, फक्त ते त्या संस्थेचे असले पाहिजेत. त्यांच्या ईमेलवर दुवा जातो, तो बहुधा स्पॅममध्ये पडतो. शक्यतो संस्थेचा ईमेल द्या आणि दुवा गेला त्याच दिवशी समोर बसून उघडून घ्या. मी स्वतः माझ्या प्राचार्यांच्या केबिनमध्ये खुर्ची ओढून हे केलं आहे. वीस मिनिटं लागतात.

याच माणसाने शाळेची एक पानी ओळख जोडायची असते. ती नसेल, तर ६८ टक्के म्हणजे काय ते वाचणाऱ्याला कळणार कसं? पानावर लिहून द्या: महाराष्ट्र राज्य मंडळ, नाशिक विभाग, बारावीला ७५ टक्क्यांपासून विशेष प्रावीण्य, ६० पासून प्रथम श्रेणी, ४५ पासून द्वितीय, ३५ ला उत्तीर्ण. वर्गात किती मुलं, शिकवण्याचं माध्यम कोणतं, हेही. आणि टक्क्यांचं जीपीए (तिकडची गुणांची सरासरी) स्वतः करायला जाऊ नका. मार्कलिस्टवर जे आहे तेच भरा.

"तूच लिहून आण, मी सही करतो"

शिफारसपत्राचं हे वाक्य आपल्या स्टाफरूममध्ये इतकं सहज बोललं जातं की त्यात काही चुकतंय असं वाटतही नाही. मीसुद्धा एकदा एका मुलाला असं म्हणाले होते. त्याने पत्र आणलं, मी सही केली. नंतर त्याचा निबंध वाचला तेव्हा लक्षात आलं की दोन्हीकडची वाक्यं एकाच हातची आहेत. वाचणाऱ्याच्याही ते लक्षात येतं. शिवाय हे सरळसरळ खोटं आहे. पुन्हा मी तसं केलेलं नाही.

शिक्षकांना वेळ नसतो आणि इंग्रजीत लांब लिहायचा सराव नसतो, हे खरं. त्यावर उपाय आहे. त्यांना पत्र नको, आठवणी द्या. एका कागदावर मराठीत लिहा: अमुक प्रयोग तीनदा फसला तेव्हा मी काय केलं, तुमच्या तासाला कोणता प्रश्न विचारला होता, कोणत्या चाचणीत पडले आणि पुढे काय झालं. त्यातलं त्यांना जे आठवतं, तेच ते लिहितील. इंग्रजीची अडचण असेल, तर शिक्षकांनी मराठीत सांगावं आणि इंग्रजीच्या सहकाऱ्याने भाषांतर करावं. ते विद्यार्थ्याने करू नये.

इथे नाशिकमधली एक मोठी अडचण सांगायलाच हवी. अकरावीत नाव एका कॉलेजात आणि मुलगा दिवसभर कॉलेज रोडच्या क्लासमध्ये, असं ज्यांचं आहे, त्यांना कॉलेजातला एकही शिक्षक ओळखत नाही. बारावीच्या ऑगस्टमध्ये त्यावर इलाज नसतो. अकरावीत असाल, तर किमान दोन विषयांच्या तासांना बसा, प्रात्यक्षिकं चुकवू नका, वक्तृत्व असो की भित्तिपत्रक, शिक्षकांबरोबर काहीतरी करा.

पत्र आपल्याला वाचायला मिळावं का, असा प्रश्न अर्जात येतो. तो हक्क सोडलेलाच बरा. नाहीतर पत्राचं वजन कमी होतं.

नावाचा घोळ

बोर्डाच्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर वेगळाच क्रम. मुलं अर्जात आडनावाला पहिलं नाव करून टाकतात, एसएटी या प्रवेश परीक्षेच्या अर्जात वडिलांचं नाव गाळतात, आणि मग तीन ठिकाणचे कागद एकाच मुलीचे आहेत हे कॉलेजला जुळवता येत नाही. पासपोर्ट अकरावीतच काढा आणि पुढे सगळीकडे त्यावरचंच नाव लावा. काही पासपोर्टांवर पूर्ण नाव एकाच रकान्यात असतं आणि आडनावाची जागा रिकामी. अशांच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) अशी अक्षरं येतात. पासपोर्ट आधीच दुरुस्त करून घेतला, तर पुढचा बराच त्रास वाचतो.

"आधी प्रवेश मिळू दे, पैशाचं मग बघू"

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. आपल्याकडे प्रवेश आधी आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म नंतर, अशी सवय आहे. तिकडच्या बऱ्याच कॉलेजांत परदेशी विद्यार्थ्याने अर्ज करतानाच आर्थिक मदत मागितली नाही, तर पुढची चार वर्षं ती मागता येत नाही. एका मुलाने मदत नको असं लिहिलं, कारण कोणीतरी सांगितलं होतं की त्याने प्रवेश सोपा होतो. प्रवेश मिळाला. वर्षाचा खर्च पाहून घरच्यांनी जमीन विकण्याचा विषय काढला, आणि त्याने जागा सोडली.

त्याला जे सांगितलं होतं त्यात तथ्य आहे, हीच त्यातली अडचण. बहुतेक कॉलेजं परदेशी अर्जदार निवडताना तो किती पैसे देऊ शकतो ते बघतात. ॲमहर्स्ट आणि बोडनसारखी मोजकी कॉलेजं निवडीच्या वेळी ते बघत नाहीत आणि निवड झाल्यावर गरजेइतकी मदत देतात. पण तिथे निवड होणंच फार कठीण. म्हणून घरी बसून वर्षाला खरोखर किती जमेल तो आकडा आधी काढा, आणि परदेशी विद्यार्थ्यांना मदत देणाऱ्या कॉलेजांचीच यादी करा. पैसे नसताना आहेत असं लिहून मिळालेला प्रवेश व्हिसाच्या कागदांपाशी अडतो.

मदतीसाठी बरीच कॉलेजं सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा फॉर्म मागतात. तो १ ऑक्टोबरला खुला होतो. एफएएफएसए हा अमेरिकी नागरिकांचा आणि तिथल्या पात्र रहिवाशांचा फॉर्म आहे, त्यात आठवडे घालवू नका. सीएसएस भरताना निफाड-दिंडोरीकडच्या घरांत हमखास चुकतं ते शेतीचं उत्पन्न. त्यावर प्राप्तिकर नाही, म्हणून बाबा म्हणतात, "दाखवायचं कशाला?" पण हा कराचा फॉर्म नाही. करमुक्त उत्पन्नही विचारलेलं असतं, आणि सातबाऱ्यावर पाच एकर द्राक्षबाग दिसत असताना उत्पन्न शून्य लिहिलं, तर सगळ्याच अर्जावरचा विश्वास उडतो. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे एका चांगल्या वर्षाचा भाव धरून आकडा लिहिणं. मिळालेली पट्टी, औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज यांचा दोन वर्षांचा साधा तक्ता करा, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडा, आणि गारपिटीने बाग गेली असेल, तर विशेष परिस्थितीच्या रकान्यात ते स्पष्ट लिहा. आकडे रुपयांत आहेत की डॉलरमध्ये ते तपासा. स्वल्पविराम आणि शून्यं दोनदा मोजा. आठ लाखांचे ऐंशी लाख झालेले मी पाहिले आहेत.

आणि फॉर्म ऑक्टोबरात खुला होत असला, तरी हिशेबाचं आणि कागद जमवायचं हे काम सप्टेंबरातच उरका. ऑक्टोबरात फळछाटणी सुरू झाली की बाबा कागद शोधायला बसणार नाहीत.

अर्ली डिसिजनबद्दल एवढंच: तो करार आहे. विद्यार्थी, पालक आणि शाळा तिघांच्या सह्या असतात, आणि निवड झाली तर बाकी सगळे अर्ज मागे घ्यायचे असतात. दिलेली मदत पुरत नसेल तर त्यातून सुटता येतं. पण दोन-चार कॉलेजांच्या मदतीची तुलना करून ठरवायचं असेल, तर त्या वाटेला जाऊ नका.

'माझ्याकडे ॲक्टिव्हिटीच नाहीत'

अर्जात दहा उपक्रमांची जागा असते, प्रत्येकाच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं. आमच्या मुली तिथे दहावीतलं रांगोळीचं प्रमाणपत्र लिहितात. सुट्टीत बेदाण्याच्या शेडवर काम केलं, संध्याकाळी किराणा दुकान सांभाळलं, अंथरुणाला खिळलेल्या आजीचं दोन वर्षं केलं, ते लिहीतच नाहीत. त्यांना ते मोठं वाटत नाही. यादीत घरच्या जबाबदाऱ्या आणि पगारी काम असे स्वतंत्र प्रकारच दिलेले आहेत. आठवड्याला किती तास ते प्रामाणिकपणे लिहा. ढोल पथकात पुढे उभं राहून तीस जणांचा ताल सांभाळला असेल, तर तेही लिहा.

निबंधाला कमाल ६५० शब्द. तिथे कुंभमेळा, पंचवटी, द्राक्षांची राजधानी अशी सहल घडवू नका. नाशिकची माहिती त्यांना दुसरीकडेही मिळते. लासलगावच्या बाजूच्या एका मुलाने पावसाळ्यात साठवणीच्या चाळीतला कांदा निवडण्याबद्दल लिहिलं होतं: सडका कांदा डोळ्यांआधी नाकाला कसा कळतो, आणि चाळीच्या एकाच बाजूचा कांदा दरवर्षी आधी का जातो, हे शोधायला त्याने काय काय केलं. इंग्रजी साधं होतं, दोन चुका होत्या. मी त्यातलं एक वाक्यही सुंदर केलं नाही. तुमच्या शिक्षकांनाही करू देऊ नका. चुका दाखवायला सांगा, वाक्यं नकोत.

हाच नियम एजंटला. अर्ज त्याच्या ईमेलवर, पासवर्ड त्याच्याकडे, निबंध त्याच्या फायलीतला, असं चालू असेल तर आज थांबवा. अर्जाखाली सही तुमची असते. एका मुलीला कॉलेजने जास्तीचा कागद मागितला होता. पत्र एजंटच्या ईमेलवर तीन आठवडे पडून राहिलं.

पुण्याचं फ्लेम, सोनिपतचं अशोका किंवा बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ इथे अर्ज करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. तिथे फेऱ्या आणि प्रवेश परीक्षा वेगळ्या असतात, पण फीसवलतीसाठी घरच्या उत्पन्नाचे कागद लागतातच.

निवड झाल्यावरचा एक धोका राहतो. जागा घेतो असं साधारण १ मेपर्यंत कळवायचं असतं आणि आपला बारावीचा निकाल मे महिन्यातला. निवड झाली म्हणून फेब्रुवारीत अभ्यास सोडू नका, शेवटचा निकालही तिकडे पाठवावा लागतो. तो पाठवायचा शाळेने, आणि तेव्हा कार्यालय पुन्हा सुट्टीवर. परीक्षा संपली की एप्रिलमध्येच कार्यालयात जाऊन विचारून ठेवा, उन्हाळ्यात सही कोण करणार आणि शिक्का कोणाच्या कपाटात असतो.