हप्ता कुठून येणार? कर्जफेडीची ताकद मोजायला शिकताना

कोल्हापुरात सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिपला लागलात किंवा बँकेच्या कर्ज विभागात रुजू झालात, की थोड्याच दिवसांत टेबलावर एखादा सीएमए, म्हणजे कर्जासाठी बँकेला द्यायचा कंपनीच्या मागच्या-पुढच्या आकड्यांचा तक्ता, येतो. शिरोलीची फाउंड्री (धातू वितळवून ओतकाम करणारा कारखाना) असेल, गोकुळ शिरगावचं मशिन शॉप असेल किंवा कागल-हातकणंगले वसाहतीतला नवा कारखाना. मागणी ठरलेली असते: मशीन घ्यायचंय, मुदत कर्ज हवंय. शीटच्या तळाशी डीएससीआर (हप्ता-व्याजाच्या किती पट पैसा हाती येतो ते गुणोत्तर) 1.6 दिसतो आणि नव्या माणसाला वाटतं, झालं काम. मी या कामात बरीच वर्षं आहे आणि हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच सांगते: तो आकडा बाजूला ठेवा आणि विचारा, पुढच्या बारा महिन्यांत हप्त्याच्या तारखेला पैसे नेमके कुठून येणार? आपलं सगळं काम या प्रश्नाचं उत्तर काढण्याचं आहे.

आधी हिशेब हातात बसू द्या. समजा एक फाउंड्री आहे, वर्षाची विक्री 24 कोटी. व्याज, घसारा आणि कर यांच्या आधीची कमाई, म्हणजे एबिटडा, 240 लाख. घसारा 60 लाख. मुदत कर्ज 400 लाख, त्यावर व्याज 36 लाख. सीसी, म्हणजे रोजच्या धंद्यासाठीचं कॅश क्रेडिट, 450 लाख, त्यावर व्याज 40 लाख. करापूर्वी नफा उरला 104 लाख. कर 25.17 टक्क्यांनी 26 लाख गेला, हातात 78 लाख. वर्षभरात मुदत कर्जाची मुद्दल भरायची आहे 72 लाख.

इंटरेस्ट कव्हरेज काढायचं तर एबिटडातून घसारा वजा करा, 180 लाख राहतात. त्याला एकूण व्याज 76 लाखांनी भागा. 2.37 येतं. यातून एवढंच कळतं की व्याज भरून निघतंय. मुद्दल यात कुठेच नाही, म्हणून फक्त या गुणोत्तरावर मत बनवू नका. डीएससीआरमध्ये मुद्दल येते. करानंतरचा नफा 78, घसारा 60 आणि मुदत कर्जाचं व्याज 36, मिळून 174. खाली मुदत कर्जाचं व्याज 36 आणि मुद्दल 72, मिळून 108. उत्तर 1.61. बँका साधारण दीडच्या आसपास सरासरी बघतात, म्हणजे ही फाईल छान दिसते. एकूण कर्ज 850 लाख भागिले एबिटडा 240, म्हणजे साडेतीन पट. हे तिसरं माप मला आवडतं, कारण हप्ते लांबवून डीएससीआर सुधारता येतो. एकूण कर्जाचा डोंगर मात्र या मापात लपत नाही.

आता खरं काम. त्याच कंपनीचा ताळेबंद मागच्या वर्षाच्या ताळेबंदाशेजारी ठेवा. एबिटडामध्ये 30 लाख जुनं मशीन विकून आलेत. ते पुढच्या वर्षी येणार नाहीत. कर धरून 22 लाख वजा करा. स्टॉक आणि येणी मिळून 135 लाखांनी वाढलेत, पुरवठादारांची देणी 55 लाखांनी. सीसीची मर्यादा आहे तेवढीच आणि ती आधीच पूर्ण वापरलेली. म्हणजे 80 लाख धंद्यात अडकले. 174 मधून 22 आणि 80 गेले, उरले 72 लाख. भरायचे आहेत 108. गुणोत्तर 0.67.

मालक अशा वेळी अगदी मनापासून विचारतात, "मॅडम, नफा झालाय नव्हं? मग हप्त्याला पैसा का न्हाई?" प्रश्न बरोबर आहे आणि त्यांना कागदावर नीट मांडून दाखवलंत तर लगेच पटतं, कारण येणी वसूल होत नाहीत हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. पण मोठ्या गिऱ्हाइकाकडे छोटा कारखानदार उशिराचं व्याज मागायला जात नाही, त्याला पुढची ऑर्डर हवी असते.

मग कमी पडलेले 36 लाख भरले कुणी? यंदा 22 लाख मशीन विकून आले, पण उरलेले 14? हे शोधणं म्हणजे या कामातला सगळ्यात शिकवणारा भाग. ताळेबंदात 'संचालकांकडून असुरक्षित कर्ज' वाढलंय का बघा. पुरवठादारांची देणी 60 दिवसांवरून 80 वर गेलीत का बघा. बँक स्टेटमेंटमध्ये हप्त्याच्या आदल्या दिवशी एखाद्या पाहुण्याच्या खात्यातून रक्कम येते आणि आठवड्याभरात परत जाते का, तेही बघा. हप्ते वेळेवर गेलेत म्हणून सिबिल स्वच्छ दिसतं. पण ते हप्ते कमाईतून गेले की दुसऱ्या उसनवारीतून, हे सिबिल सांगत नाही. छोट्या कंपन्यांना कॅश फ्लो स्टेटमेंट देण्याची सक्ती नाही, त्यामुळे दोन ताळेबंदांवरून ते स्वतःच बसवायला शिका. हाताने करा. सॉफ्टवेअर नंतर आयुष्यभर आहेच.

घसाऱ्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. घसाऱ्यात पैसा बाहेर जात नाही म्हणून तो परत मिळवतात, इथपर्यंत सगळ्यांना येतं. पण कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात साधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य 15 वर्षं धरलंय आणि मुदत कर्ज पाच ते सात वर्षांत फेडायचं असतं. 3 कोटींचं मशीन घेतलं, 5 टक्के शिल्लक किंमत सोडली तर वर्षाचा घसारा 19 लाख. बँकेनं 75 टक्के म्हणजे 225 लाख दिले आणि सहा वर्षांत फेडायचे असतील तर वर्षाची मुद्दल साडेसदतीस लाख. घसाऱ्यातून अर्धीच मुद्दल निघते. उरलेले साडेअठरा लाख करानंतरच्या नफ्यातून यायला हवेत, म्हणजे व्याज आणि घसारा भागवून करापूर्वी जवळजवळ 25 लाख जादा कमाई त्या मशीननं दरवर्षी करायला हवी. मालकाला हा आकडा सांगा. "या मशीनवर महिन्याला दोन लाखांहून जास्त निव्वळ सुटेल का?" असं विचारलं की तो गुणोत्तराच्या भाषेतून बाहेर येतो आणि पार्ट, रेट, शिफ्ट यांबद्दल बोलायला लागतो. तिथून खरी माहिती मिळते.

व्याजदर हलला तर काय, हेही प्रत्येक फाईलमध्ये करून बघा. ऑक्टोबर 2019 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बदलत्या दराची नवी बँक कर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक वेळा रेपोला (रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो दर), जोडलेली असतात. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. आपल्या फाउंड्रीच्या 850 लाखांवर अडीच टक्के म्हणजे वर्षाला 21 लाख जादा. इंटरेस्ट कव्हरेज 2.37 वरून 1.86 वर येतं आणि डीएससीआर 1.61 वरून 1.42 वर. कारखान्यात एक वीटही हललेली नसते.

आणि कारखान्यात जा. ऑफिसात बसून हे काम निम्मंच होतं. यार्डात कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, ढीग दिसले तर जवळ जाऊन बघा. ताज्या मालावर तारखेचा खडू असतो, ग्राइंडिंगची चमक असते. मागच्या पावसाळ्यापासून गंज धरून पडलेला ढीग बहुतेक रिजेक्शनचा किंवा बंद पडलेल्या पार्टचा असतो, आणि स्टॉक स्टेटमेंटमध्ये तोच माल पूर्ण भावानं धरलेला असू शकतो. त्याची किंमत भंगाराच्या दरानं लावली की नफा किती खाली येतो ते बघा. दुसरं, वीजबिल मागा. इंडक्शन फर्नेसमध्ये एक टन धातू वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. फर्नेस जुनी किंवा हीट (एका वेळचा भट्टीतला माल) अर्धवट असेल तर जास्त. बिलातल्या युनिटवरून किती टन वितळलं याचा अंदाज येतो, त्यातून रनर-रायझर (साच्याच्या वाटांमध्ये उरणारा धातू) आणि रिजेक्शन वजा केलं की विक्रीचे टन जुळतात का ते कळतं. जीएसटीचे आकडे, वीजबिल आणि डिस्पॅच रजिस्टर एकमेकांशी जुळले तर माझा त्या कमाईवर विश्वास बसतो.

फाउंड्रीत आणखी एक गोष्ट नव्या माणसाला चकवते. पिग आयर्न आणि स्क्रॅपचा भाव बदलला की वाहन कंपन्या कास्टिंगचा दर बहुधा तिमाहीनंतर सुधारतात. भाव पडत असताना जुना चढा दर मिळत राहतो आणि तेवढ्या काळात नफा फुगलेला दिसतो. भाव चढताना उलट होतं. म्हणून एका चांगल्या तिमाहीवर पुढची पाच वर्षं आखलेली असतील तर ती शीट परत पाठवा.

साखर कारखान्याची फाईल आली तर वर्षाचा डीएससीआर जवळजवळ विसरा आणि महिन्यांचा तक्ता मांडा. गाळप चालतं चार-पाच महिने, उसाची एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर, 14 दिवसांत द्यायची असते आणि साखर विकली जाते वर्षभर, तीही केंद्राच्या मासिक कोट्याप्रमाणे. मधला काळ माल-तारण कर्जावर निघतो. त्यामुळे वर्षाखेरीस ठीक दिसणारा कारखाना एखाद्या महिन्यात पूर्ण कोरडा असू शकतो.

उद्यमनगरातली कितीतरी वर्कशॉप एकट्याच्या मालकीची किंवा भागीदारीची आहेत. तिथं नफ्यातून घरची उचल आधी वजा करा. मुलांची फी, घराचा हप्ता, लग्नकार्य हे सगळं त्याच खात्यातून जातं. 20 लाख नफा आणि 14 लाख उचल असेल तर कर्जाला उरले सहा. उचलीबद्दल विचारताना आदरानं विचारा, समोरच्या माणसानं तीस वर्षं लेथवर उभं राहून ते घर उभं केलेलं असतं.

हप्त्याची तारीख चुकली की खातं त्याच दिवसाच्या अखेरीस एसएमए-0 (थकबाकीच्या इशाऱ्याची पहिली पायरी) मध्ये मोडतं, 30 दिवसांनंतर एसएमए-1, 60 नंतर एसएमए-2 आणि 90 दिवस उलटले की एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि मालाच्या गाड्या दिवसेंदिवस अडकल्या. माल गेला नाही, बिल झालं नाही, पैसे आले नाहीत. देय तारीख मात्र आपोआप पुढे सरकत नाही. म्हणून निदान दोन हप्त्यांइतकी रक्कम ठेव म्हणून बाजूला असावी, असा माझा प्रत्येक प्रस्तावात आग्रह असतो.

सराव कसा करायचा? शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल फुकट मिळतात. 2021-22 पासून कंपन्यांना ताळेबंदाच्या टिपांमध्ये डीएससीआरसह ठरावीक गुणोत्तरं द्यावी लागतात आणि एखादं गुणोत्तर 25 टक्क्यांहून जास्त बदललं तर कारण लिहावं लागतं. आधी आपण स्वतः काढा, मग त्यांच्या आकड्याशी ताडून बघा. फरक आला तर त्यांनी वर-खाली काय धरलंय ते टिपेत लिहिलेलं असतं. कुणी सीसीचं व्याज घेतं, कुणी भाड्याचे हप्तेही धरतं. त्यानंतर कर्जाची टीप वाचा: कोणतं कर्ज, किती हप्ते उरले, एका वर्षात किती भरायचंय. मग आकस्मिक देण्यांची टीप, कारण भगिनी कंपनीसाठी दिलेली हमी तिथेच सापडते. पतमानांकन संस्थांची टिपणंही त्यांच्या संकेतस्थळांवर वाचायला मिळतात. एखाद्या कंपनीचं मानांकन का घटवलं ते वाचून, वर्षभर आधीच्या ताळेबंदात त्याची खूण दिसत होती का ते शोधा. सुरुवात फाउंड्री किंवा वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीपासून करा, म्हणजे शिरोलीत एक फेरी मारली की आकड्यांमागचं काम डोळ्यांनी बघता येईल.