लॉयथनची लढाई टेबलावर मांडताय? मग या चुका टाळा

५ डिसेंबर १७५७ रोजी सायलीशियात लॉयथन गावापाशी प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने आपल्या जवळजवळ दुप्पट ऑस्ट्रियन फौजेचा धुव्वा उडवला. वॉरगेमचा, म्हणजे टेबलावर सोंगट्या-फाशांनी खेळायच्या युद्धखेळाचा, सिनारिओ (डावाची मांडणी) स्वतः रचायचा म्हटलं की नवखा माणूस हमखास या लढाईकडे वळतो. नकाशा सहज मिळतो, फौजांच्या याद्या मिळतात. मग खेळायला बसलं की पहिल्याच खेळीत ऑस्ट्रियाचा गडी आपली राखीव फौज दक्षिणेला, डाव्या बगलेकडे हलवतो आणि डाव तिथेच संपतो.

गड्याला दोष देऊ नका. पुढे काय घडणार हे त्याला ठाऊक आहे, ऑस्ट्रियन सेनापती लॉरेनच्या चार्ल्सला ठाऊक नव्हतं. सगळी लढाई त्या एका अज्ञानावर उभी आहे. सकाळी बोर्नाजवळ प्रशियन आघाडी दिसली. ऑस्ट्रियन उजव्या बगलेवरच्या घोडदळाचा सरदार लुकेसी याने कुमक मागितली, आणि दुसरा सरदार डाउन राखीव फौज घेऊन उत्तरेला गेला. तोवर प्रशियन रांगा बुटक्या टेकड्यांच्या आडून दक्षिणेला सरकल्या होत्या. डाव्या बगलेचा सरदार नादाश्दी धोक्याचे निरोप धाडत होता, पण त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. दुपारी एकच्या सुमाराला झाक्शुत्झ गावापाशी हल्ला त्याच्यावरच आला, आणि तिथे उभ्या होत्या ऑस्ट्रियाच्या साथीला आलेल्या व्युर्टेम्बर्ग आणि बव्हेरिया या जर्मन राज्यांच्या पलटणी.

ही हूल टेबलावर आणायचे तीन मार्ग आहेत. लढाईचं नाव लपवा: गावांची नावं बदला, नकाशा उलटा करा, ‘कुठली तरी सात वर्षांच्या युद्धातली चकमक’ म्हणून द्या. जाणकार गड्यापुढे हे फार टिकत नाही. दुसरा मार्ग, तुकड्यांऐवजी पालथी कार्डं फिरवायची, त्यात काही कोरी. मजा येते, पण पंच लागतो, आणि पंच व्हायला कुणी तयार नसतं. मला पसंत आहे तो तिसरा: खेळ दुपारी एकलाच सुरू करा, राखीव फौज आधीच उत्तरेला गेलेली दाखवा. हूल फसली की साधली, हा प्रश्नच उरत नाही. उरतो तो खरा पेच: बगल कोसळतेय, आता दक्षिणेकडे तोंड करून नवी फळी कशी उभारायची?

मापाचा घोळ

ऑस्ट्रियन फळी उत्तर-दक्षिण सात-आठ किलोमीटर पसरली होती. घरच्या डायनिंग टेबलाची लांबी साधारण १५० सेंटिमीटर. सगळी फळी बसवायची तर १ सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर धरावं लागतं. ६०० शिपायांची पलटण तीन रांगांत उभी केली की १३० मीटरच्या आसपास जागा घेते, म्हणजे टेबलावर जेमतेम अडीच सेंटिमीटर. बंदुकीचा परिणामकारक मारा शंभरेक मीटरचा, म्हणजे दोन सेंटिमीटर. आणि आपण नियमपुस्तकातून सहा इंचांचा पल्ला जसाच्या तसा उचलतो! पंधरा सेंटिमीटर म्हणजे इथे साडेसातशे मीटर झाले. मग फौजा एकमेकींना भिडतच नाहीत, लांबूनच गारद होतात. घराच्या मॉडेलचंही तेच. दहा सेंटिमीटरचं एक घर म्हणजे अर्धा किलोमीटरची इमारत; गाव दाखवायला कापलेला पुठ्ठा पुरतो.

एकला सुरुवात केली की हाही गुंता सुटतो. झाक्शुत्झपासून लॉयथनच्या थोडं उत्तरेपर्यंतचाच भाग घ्या, साडेचार किलोमीटर. १ सेंटिमीटरला ३० मीटर बसतात, पलटण चार सेंटिमीटरची होते आणि डोळ्यांना लढाई दिसू लागते. प्रशियाच्या पन्नासेक आणि ऑस्ट्रियाच्या ८०हून अधिक पलटणी सुट्या मांडायच्या भानगडीत मात्र पडू नका. चार-पाच मिळून एक तुकडी करा. परदेशातून मिनिएचर (शिपायांच्या छोट्या मूर्ती) मागवायची तर कस्टम्सचा भुर्दंड वेगळाच, त्यामुळे पुठ्ठ्याच्या सोंगट्यांना लाजू नका.

सगळ्याच तुकड्या चपळ

अठराव्या शतकातली फळी म्हणजे जड कपाट: ढकललं की सरळ सरकतं, वळवायला गेलं की दमछाक. दिशा बदलायला अख्खी खेळी खर्च होऊ द्या. ऑस्ट्रियन तुकडीला नवा हुकूम पोचायला फासा टाकायला लावा: पहिल्या दोन खेळ्यांत ५ किंवा ६, पुढे ४ किंवा वर. घाईत वळलेल्या तुकड्या लॉयथनमागे एकमेकींवर चढल्या पाहिजेत. प्रत्यक्षात काही ठिकाणी तीसेक रांगांची गर्दी झाल्याची वर्णनं आहेत. अशा गर्दीवर तोफेचा फासा दुप्पट करा. प्रशियाने ग्लोगाऊच्या किल्ल्यातून १२ पौंडी (१२ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) तोफा ओढून आणल्या होत्या, त्या याच कामी आल्या. गावातल्या चर्चच्या आवाराला मात्र भक्कम भिंत द्या. तिथे ऑस्ट्रियाच्या बाजूच्या रोट-व्युर्त्सबुर्ग पलटणीने चिवट झुंज दिली होती.

‘समसमान’ करण्याचा मोह

दोन्हीकडे सारखी संख्या केली तर ती लॉयथन उरत नाही. प्रशियनांना प्रत्येक फाशावर अधिक दोन देणं हा त्याच चुकीचा दुसरा अवतार. फौजा होत्या तशा ठेवा, जिंकण्याची अट बदला. डिसेंबरात तिथे चारच्या सुमाराला सूर्य मावळतो. वीस मिनिटांची एक खेळी धरली तर एकपासून काळोख पडेपर्यंत, म्हणजे पाचपर्यंत, बारा खेळ्या होतात. ऑस्ट्रियाने सुमारे २२,००० माणसं गमावली, त्यातले १२,००० कैदी. प्रशियाने ६,४०० च्या आसपास. म्हणून बाराव्या खेळीअखेर निम्म्याहून अधिक ऑस्ट्रियन तुकड्या शाबूत असतील तर चार्ल्सचा विजय मानायला हरकत नाही.

चाचणीत प्रशिया चौथ्या खेळीतच लॉयथनमध्ये घुसत असेल, तर फाशांना हात लावू नका, उत्तरेची कुमक एक खेळी आधी आणा. प्रत्यक्षात गावातली लढाई साडेतीनच्या सुमाराला पेटली, म्हणजे आठवी खेळी. उलट गाव पडतच नसेल, तर लुकेसीचं घोडदळ तपासा. गावावर चालून आलेल्या प्रशियन पायदळाच्या बगलेवर ते तुटून पडलं, तेव्हा प्रशियन सरदार ड्रीझनच्या घोडदळाने त्यालाच बाजूने गाठलं आणि लुकेसी मारला गेला. ड्रीझनला टेकडीआड लपवून ठेवण्याची मुभा प्रशियाच्या गड्याला दिलीय का, ते एकदा पाहा.