ग्रेट ओशन रोडवर घाई नको

मेलबर्नजवळच्या टॉर्कीपासून ग्रेट ओशन रोड या समुद्रकाठच्या रस्त्याला कॅम्परव्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन निघालात, तर पहिल्या दिवशी अपोलो बे गावाच्या पुढे जायचंच नाही, असं आधी ठरवा. सगळा रस्ता सुमारे २४० किलोमीटरचा. एका दिवसात उरकता येतो, पण मग समुद्र फक्त काचेतूनच दिसतो.

प्रवास पूर्वेकडून पश्चिमेलाच करा. ऑस्ट्रेलियात आपल्यासारखंच डावीकडून चालवतात आणि या दिशेला समुद्रही डावीकडेच राहतो. त्यामुळे थांब्यांवर वळताना समोरून येणारी रांग ओलांडावी लागत नाही. लांब, जड गाडीला हे फार सोयीचं. मागे गाड्या साचल्या तर बाजूच्या जागेत थांबून त्यांना जाऊ द्या.

दुपारचा डबा लॉर्नच्या किनाऱ्यावर खा. केनेट रिव्हर या गावी निलगिरीच्या झाडांवर मान वर करून शांतपणे शोधा, कोआला दिसण्याची चांगली शक्यता असते. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोहोचा, कारण संध्याकाळी कांगारू आणि वॉलबी (छोटे कांगारूच म्हणा) अचानक रस्त्यावर येतात. रस्त्याकडेच्या थांब्यांवर रात्र काढायला परवानगी नाही, म्हणून कॅराव्हॅन पार्क, म्हणजे अशा गाड्यांच्या मुक्कामाची जागा, आधीच बुक करा. ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले चुनखडीचे उंच सुळके, दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.